वन्स मोअर!

अमरावती शहरी प्रथमच येणाऱ्या पाहुण्यास एका गोष्टीची गंमत वाटते. त्याने कोणास रस्ता विचारला, तर राजकमल चौक, श्याम चौक, चित्रा चौक, प्रभात चौक अशी नावे त्याच्या कानी पडतात. ही नावे कोणा थोर पुरुषांची असावीत, असा त्याचा समज होतो. वस्तुतः ती चित्रपटगृहांची नावे होत. ज्या चौकात जे चित्रपटगृह उभे राहिले, त्याचेच नाव लोकांनी त्या चौकास दिले. पुढे काळ पालटला, चित्रपट पाहण्याच्या रीती पालटल्या. परंतु ती नावे मात्र लोकांच्या जिभेवर कायम राहिली.

ज्या गावाने आपल्या चौकांची ओळख चित्रपटगृहांवरून ठरविली, त्या गावास चित्रपटांचा नाद किती असेल, हे निराळे सांगावयास नको. अमरावती काय आणि अकोला काय, आमच्या वऱ्हाडात या नादाचा एक विशेष प्रकार घरोघरी आढळतो. तो म्हणजे एकदा पाहिलेला विनोदी चित्रपट पुन्हा पाहणे, दहादा पाहणे, आणि प्रत्येक वेळी पहिल्याइतकेच पोट धरून हसणे. एकदा चोखलेल्या उसाच्या चिपाडात रस राहत नाही. मग दहादा पाहिलेल्या चित्रपटात हसू कसे शिल्लक राहते? प्रश्न वरवर साधा दिसतो. परंतु त्याचा विचार करू लागले की मनुष्याच्या स्वभावाविषयी बरेच काही कळते.

हा प्रश्न मला प्रथम माझ्या आजीने विचारला. माझे बालपण अमरावती जिल्ह्यातील एका खेड्यात गेले. हिवाळा आला की सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमची यात्रा भरे. ही यात्रा एकदोन दिवसांची नव्हे, चांगली महिनाभर चालणारी. लोक बैलगाड्यांनी येत, राहुट्या ठोकीत, गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजीत आणि वांग्याच्या भाजीबरोबर खात. आम्हा मुलांना मात्र रोडग्यांपेक्षा तंबूतल्या सिनेमाची ओढ अधिक. एका वर्षी तेथे एक विनोदी चित्रपट लागला होता. त्यात मिशांना पीळ देत, छाती काढून चालणारा एक हवालदार होता. तो सर्वांवर डाफरत मागे मागे सरके आणि शेवटी पाण्याच्या हौदात धपकन पडे. मी आणि माझा चुलतभाऊ सलग तीन रात्री तो चित्रपट पाहावयास गेलो. चौथ्या दिवशी पुन्हा पैसे मागितले, तेव्हा आजी म्हणाली, ‘‘काय रे पोट्टेहो, तो हवालदार रोज येगळा पडते काय?’’

माझा चुलतभाऊ चटकन म्हणाला, ‘‘नाही ना आजी, तो रोज तसाच पडते. म्हणून त जाचं हाय.’’

आजी हसली आणि तिने कनवटीचे पैसे काढून दिले. त्या उत्तरात केवढा अर्थ भरला आहे, हे समजावयास मला पुढे पुष्कळ वर्षे लागली.

हसू का येते, याचा विचार आपल्या देशात फार प्राचीन काळापासून झाला आहे. भरतमुनींनी आपल्या ‘नाट्यशास्त्र’ या ग्रंथात हास्य हा एक स्वतंत्र रस मानला आहे. विपरीत वेष, विपरीत चाल, विपरीत बोलणे यांतून हास्य उत्पन्न होते, असे ते सांगतात. म्हणजे जे जसे असावयास हवे, ते तसे नसले, की आपणास हसू येते. रुबाबदार हवालदाराने रुबाबात चालावे, ही आपली अपेक्षा. तो हौदात पडला, म्हणून हसू. हसण्याचेही भरतांनी सहा प्रकार सांगितले आहेत : स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित. दात न दिसता केवळ गाल फुलतात ते स्मित; आणि कुशी दाबून धरून मोठमोठ्याने हसावे लागते ते अतिहसित. पुढे केव्हा घरची मंडळी एकत्र बसून विनोदी चित्रपट पाहत असतील, तेव्हा पडद्याकडे पाठ करून क्षणभर त्यांच्या चेहऱ्यांकडे पाहा. हे सहाही प्रकार एकाच खोलीत आढळतील.

तथापि येथे एक अडचण उभी राहते. हसू जर केवळ अनपेक्षित गोष्टीमुळे येत असेल, तर दुसऱ्या खेपेस ते येऊ नये. कारण हवालदार पडणार हे आपणास आधीच ठाऊक असते. प्रत्यक्षात मात्र तो हौदाजवळ येऊ लागला, की तंबूतील अर्धे लोक पडण्यापूर्वीच हसू लागत. म्हणजे पुन्हा पाहताना हसण्याचे कारणच बदलते. पहिल्या वेळी आपण आश्चर्याने हसतो. नंतरच्या वेळी आपण वाट पाहण्याच्या आनंदाने हसतो.

या आनंदाची ओळख आपणास बोलता येण्यापूर्वीच झालेली असते. आई पदराआड तोंड लपविते आणि एकदम ‘भोऽऽ’ करते. तान्हे मूल खदखदून हसते. आई पुन्हा लपते. मूल पुन्हा हसते. पदराआड आईच आहे, हे त्याला आता कळलेले असते. किंबहुना ते कळले म्हणूनच ते अधिक हसते. आई खरोखरच दिसेनाशी झाली असती, तर ते रडले असते. ठरलेली गोष्ट ठरल्याप्रमाणे घडते आहे, यात एक मोठा विसावा असतो. माझ्या चुलतभावाच्या ‘तसाच पडते’ या शब्दांत हाच विसावा होता. खेड्यातील जीवनात पाऊस वेळेवर येईल की नाही, कपाशीला भाव मिळेल की नाही, याची शाश्वती नसे. हवालदार मात्र रोज रात्री न चुकता हौदात पडे.

काही चित्रपटांची तर रचनाच अशी असते, की ते पुन्हा पाहताना अधिक गोड लागावेत. ‘अशी ही बनवाबनवी’ या मराठी चित्रपटाचे उदाहरण घेऊ. तो १९८८ साली प्रदर्शित झाला. त्याचे दिग्दर्शन सचिन पिळगांवकर यांनी केले आणि संवाद वसंत सबनीस यांनी लिहिले. त्याची मूळ कल्पना हृषीकेश मुखर्जी यांच्या ‘बीवी और मकान’ या १९६६ सालच्या हिंदी चित्रपटातून आली. पुण्यात चार तरुणांना राहावयास जागा हवी असते आणि घरमालकीण केवळ विवाहित जोडप्यांनाच जागा देणार असते. तेव्हा चौघांपैकी दोघे स्त्रीवेष घेतात आणि सर्वजण त्या घरात राहू लागतात. अशोक सराफ, लक्ष्मीकांत बेर्डे, सिद्धार्थ रे आणि स्वतः सचिन यांनी हे चार तरुण रंगविले.

या चित्रपटातील विनोदाचे मर्म नीट पाहा. पदराआड कोण आहे, हे घरमालकिणीस ठाऊक नाही. आपणास मात्र ते सुरुवातीपासून ठाऊक आहे. म्हणजे प्रेक्षक या कटात पाचवा भागीदार असतो. येथे विनोद रहस्य उलगडण्यात नसून रहस्य सांभाळण्याच्या धडपडीत आहे. उलगडलेले रहस्य दुसऱ्यांदा उलगडता येत नाही; परंतु धडपड मात्र कितीही वेळा पाहता येते. शिवाय दुसऱ्या खेपेस, पुढे कोणती फजिती ओढवणार आहे हेही आपण जाणतो. त्यामुळे पहिल्या वेळी साधी वाटलेली वाक्येही आता हसवू लागतात.

पुन्हा पाहण्याचा आणखी एक लाभ आहे. पहिल्या वेळी आपले लक्ष ‘पुढे काय होणार’ इकडे असते. ते एकदा कळले, की डोळे मोकळे होतात. मग बोलणाऱ्या नटाऐवजी ऐकणाऱ्या नटाच्या चेहऱ्याकडे लक्ष जाते. क्षणभर थांबून वाक्य उच्चारल्याने ते कसे खुलते, हे जाणवते. सहज वाटणारा विनोद मुळीच सहज नसतो, हेही तेव्हा उमगते. चार्ली चॅप्लिन या जगप्रसिद्ध विनोदी नटाने १९३१ सालच्या ‘सिटी लाइट्स’ या चित्रपटातील एक लहानसा प्रसंग मनासारखा होईपर्यंत तीनशेहून अधिक वेळा चित्रित केला, असे सांगतात. त्या प्रसंगात एक आंधळी फुलवाली एका फाटक्या भटक्यास चुकून श्रीमंत गृहस्थ समजते, एवढेच काय ते घडते. जे करणाऱ्याने शेकडो वेळा केले, ते पाहणाऱ्यास एका बैठकीत पूर्ण कसे दिसावे?

पुन्हा पुन्हा पाहण्याचे वेड किती दूर नेऊ शकते, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातील आहे. त्र्यंबकेश्वर येथे जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजेच दादासाहेब फाळके, यांनी १९१०-११ च्या सुमारास मुंबईस येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील एक मूकपट पाहिला. तो पाहून ते इतके भारावले, की त्यानंतर अनेक महिने त्यांनी जमतील तितके चित्रपट पाहण्याचा सपाटाच लावला. पडद्यावरील चित्रे कशी हालतात, हे त्यांस जाणून घ्यावयाचे होते. अविश्रांत पाहण्याने व श्रमाने त्यांच्या डोळ्यांवर एवढा ताण पडला, की काही काळ त्यांना दिसेनासे झाले. उपचारांनंतर दृष्टी परत आली. या वेडातूनच १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट निर्माण झाला. पुढे २००९ साली परेश मोकाशी यांनी फाळक्यांच्या या खटाटोपावर ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ हा चित्रपट काढला. तो आरंभापासून अखेरपर्यंत प्रसन्न विनोदाने भरलेला आहे. चित्रपटाचे वेड हाच तेथे विनोदाचा विषय झाला. आणि तरीही त्या वेड्या माणसाविषयी आपला आदर कमी न होता वाढतो. विद्यार्थ्यांनी मात्र फाळक्यांची जिज्ञासा घ्यावी; त्यांच्या डोळ्यांचे हाल घेऊ नयेत.

आतापर्यंत आपण एकट्या प्रेक्षकाचा विचार केला. परंतु हसू हे सहसा एकट्याचे नसते. मी अकोल्यास नोकरीस असताना, गणेशोत्सवात आमच्या गल्लीत रस्त्याच्या मधोमध पांढरा पडदा बांधून चित्रपट दाखवीत. पावसाची भुरभूर सुरू झाली, तरी लोक पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन बसून राहत. ज्यांना पुढे जागा मिळत नसे, ते पडद्याच्या मागील बाजूस बसत. तिकडून सारे उलटे दिसे : अक्षरे उलटी आणि सर्वच नट डावखुरे! तरीही दोन्ही बाजूंचे लोक एकाच क्षणी हसत. कारण चित्रपट सर्वांनी आधी पाहिलेलाच असे. कोणी नवीन मनुष्य बसला असला, तर शेजारचा त्याला कोपराने खुणावी, ‘‘आता पाहा हं!’’ आपणास हसू येणार म्हणून नव्हे, तर शेजाऱ्यास येणार म्हणूनही मनुष्य चित्रपट पुन्हा पाहतो.

ही हौस चित्रपटांपासून सुरू झालेली नाही. मराठी संगीत नाटकांत एखादे पद रंगले, की प्रेक्षक ‘वन्स मोअर!’ असा पुकारा करीत आणि गायक नट तेच पद पुन्हा गात असे. आमच्या अमरावतीचे वीर वामनराव जोशी यांच्या ‘रणदुंदुभि’ या १९२७ सालच्या नाटकातील मास्टर दीनानाथांची पदे महाराष्ट्रभर गाजली. कीर्तनास येणाऱ्या श्रोत्यांसही प्रल्हादाची वा सुदाम्याची कथा पाठ असते; तरीही ते येतात. आपल्या लोकांनी कथेचा आनंद केवळ नवलाईत कधी शोधलाच नाही.

चित्रपट पुन्हा पुन्हा पाहिल्याने त्यातील वाक्ये तोंडपाठ होतात आणि हळूहळू ती बोलण्यात म्हणींसारखी वावरू लागतात. १९७५ साली ‘शोले’ हा हिंदी चित्रपट आला. मुंबईच्या मिनर्व्हा चित्रपटगृहात तो पाच वर्षांहून अधिक काळ चालला. त्याच्या केवळ गाण्यांच्याच नव्हे, तर संवादांच्याही तबकड्या निघाल्या. आणि लग्नाच्या मांडवात, पानाच्या ठेल्यावर त्या वाजू लागल्या. मुले ते संवाद पाढ्यांहून लवकर पाठ करीत. तसेच ‘बनवाबनवी’ पाहिलेल्या कोणत्याही घरात ‘सत्तर रुपये’ एवढे दोनच शब्द उच्चारा. बाजाराचा हिशोब बाजूला राहील आणि सर्वजण हसू लागतील. परक्यास त्यात काहीच कळणार नाही. घरातल्यांना मात्र त्या दोन शब्दांत सारा चित्रपट आठवतो, आणि तो ज्यांच्यासोबत पाहिला ती माणसेही आठवतात. पुनरावृत्तीने हसू झिजत नाही, तर त्यात माणसे मिळत जातात आणि ते वाढते.

परंतु पुनरावृत्तीचा हा गुण दुधारी आहे. तो मी एका प्रसंगाने शिकलो. आणि तो प्रसंग सांगताना मला आजही संकोच वाटतो.

मी तेव्हा वऱ्हाडातील एका शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. त्या वर्षी एका चित्रपटातील अडखळत बोलणारे एक पात्र लोकांच्या फार आवडीचे झाले होते. माझ्या वर्गात एक मुलगा होता. तो बुद्धीने चांगला होता. परंतु बोलताना अडखळत असे. वर्गाने त्याला त्या पात्राचे नाव दिले. पहिल्या दिवशी तोही ओशाळून हसला. दुसऱ्या दिवशीही हसला. पुढे हसला नाही. पण तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही. एके दिवशी वाचनाच्या तासाला मी त्याला उभे केले. तो एका शब्दाशी अडला. तोच मागील बाकावरून कोणीतरी त्या पात्राच्या थाटात तो शब्द उच्चारला. सारा वर्ग हसला. आणि खरे सांगावयाचे, तर मीही हसलो. तो चित्रपट मी दोनदा पाहिला होता.

दुसऱ्या दिवसापासून मुलगा शाळेत आला नाही. आठ दिवस वाट पाहून मी त्याच्या घरी गेलो. वडील जिनिंगमध्ये कामास गेले होते. मुलगा दाराआड उभा होता. पुष्कळ विचारल्यावर तो सावकाश, थांबत थांबत म्हणाला, ‘‘सर, पोट्टे त रोजच हासतात. पन त्या दिवशी तुमीबी हासले.’’

माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी त्याची क्षमा मागितली आणि दुसऱ्या दिवशी वर्गासमोर उभे राहून माझी चूक सांगितली. दोन दिवसांनी तो परत आला. पुढे वाचनाची पाळी आली, तेव्हा तो पुन्हा एका शब्दाशी थांबला. त्या वेळी त्याने पुस्तकाकडे पाहिले नाही. माझ्या चेहऱ्याकडे पाहिले. मी हसतो की काय, हे तो पाहत होता. वर्ग स्तब्ध होता. शब्द यावयास बराच वेळ लागला. परंतु तो आला, आणि तो पुढे वाचू लागला.

पडद्यावरील हवालदार हजार वेळा पडला, तरी त्याला एकदाही लागत नाही. पडण्याचे काम त्या नटाने आपण होऊन पत्करलेले असते, आणि आपण हसलो तर त्याच्या श्रमाचे चीज होते. वर्गातील मुलाने मात्र ते काम पत्करलेले नव्हते. तोच शब्द, तोच विनोद. परंतु पडद्यावर पुनरावृत्तीने हसू वाढत गेले आणि वर्गात पुनरावृत्तीने घाव खोल होत गेला. चित्रपटातील वाक्य आपण जेव्हा घरात, वर्गात वा रस्त्यावर आणतो, तेव्हा ज्याच्यावरून ते म्हटले जाते तोही आपल्याबरोबर हसतो आहे काय, एवढे पाहणे अगत्याचे असते. केवळ पहिल्या दिवशी नव्हे. दहाव्या दिवशीही पाहिले पाहिजे.

आजही आमच्या घरी सुटीत मुले-नातवंडे जमली, की कोणीतरी तोच जुना चित्रपट लावते. पुढचे वाक्य पडद्यावर येण्यापूर्वी नातवंडे ते म्हणतात. लहानातले लहान मूल, अर्थ न कळताही, इतरांकडे पाहून हसते. अशा वेळी मला बहिरमचा तो तंबू आठवतो, आजीचा प्रश्न आठवतो, आणि दाराआड उभा असलेला तो मुलगाही आठवतो. मग मी खोलीत एकवार सभोवार पाहतो. कोणी न हसता बसलेले नाही ना, याची खात्री करून घेतो. आणि मग हवालदार हौदाजवळ यावा, तशी पुढच्या वाक्याची वाट पाहू लागतो.